भावजयीची कादंबरी

माझ्या धाकट्या भावाची बायको कादंबरी लिहिते आहे हे मला कळलं तेव्हा ती छापूनही झाली होती. एका रविवारी सकाळी ती पुंडलिकनगरला आमच्या घरी आली, पर्समधून पुस्तक काढलं आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढं धरलं.

"ताई, पहिली प्रत तुम्हाला."

मुखपृष्ठावर एक रिकामी खुर्ची होती आणि तिच्यामागं लांब गेलेली गल्ली. मी "अरे वा" म्हणाले. चहा टाकायला आत गेले आणि साखर दोनदा घातली. तिनं तो चहा तसाच पिऊन टाकला.

ही बाई बँकेत नोकरी करते. जालन्याची. लग्न होऊन आमच्याकडं आली तेव्हा पुस्तकांशी तिचा संबंध दिवाळी अंकातल्या भविष्यापुरता होता. घरात लिहिणारी मी होते. आयुष्यभर मी कॉलेजात मराठी शिकवलं. कादंबरी म्हणजे काय, कथानक म्हणजे काय, हे पोरांच्या डोक्यात उतरवता उतरवता माझा घसा बसला. आणि आमच्या नानांचं चरित्र मी लिहिणार हे सगळ्या गोतावळ्याला ठाऊक होतं. लग्नकार्यात पंगतीत कोणी ना कोणी विचारायचंच, "कुठवर आलं नानांचं पुस्तक?" मी म्हणायची, "चाललंय."

नाना म्हणजे आमचे वडील. आधी शाळेत कारकून होते. पणजोबा भिक्षुकी करायचे, आजोबा तहसिलीत कारकून, तेव्हा नानांनीही टेबलामागं बसून आयुष्य काढायचं हेच ठरलेलं होतं. पण एका दुपारनं त्यांना पुढारी केलं. ती दुपार आमच्या घरात देव्हाऱ्यासारखी होती.

तेव्हा आम्ही जुन्या शहरातल्या एका गल्लीत राहायचो. मी प्राथमिक शाळेत होते, भाऊ कडेवर होता. शहरात तणाव होता, दोन्हीकडून जमाव फिरत होते, म्हणून आईनं आम्हा दोघांना करमाडला मामाकडं पाठवून दिलं होतं. त्या आठवड्यात एका दुपारी जमाव आमच्या गल्लीकडं निघाला. गल्लीत आम्ही होतो, समोर बांगडीवाल्यांचं घर होतं, पुढं आणखी दहा-पंधरा घरं, मिसळलेली. आणि आमचे नाना गल्लीच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसले. हातात काठी नाही, काही नाही. जमाव आला, त्यांना पाहून थबकला आणि परत गेला. संध्याकाळी पोलिसांची जीप आली, तिच्या मागोमाग एक वार्ताहर आला, त्यानं खुर्चीतल्या नानांचा फोटो काढला. तो फोटो छापून आला आणि पुढच्या निवडणुकीत नाना नगरसेवक झाले. मग दोनदा पुन्हा. ते गेले तेव्हा अंत्ययात्रेत दोन्ही समाजांची माणसं होती, ती त्या खुर्चीमुळं.

माझ्या चरित्रातलं ते मधलं प्रकरण होतं. तेवढंच पूर्ण झालं होतं. मी ते इतक्या वेळा लिहून काढलं होतं की मला ते पाठ होतं.

भावजय गेल्यावर मी पुस्तक उघडलं ते चुका काढायला. पहिल्याच पानावर एक ऱ्हस्व-दीर्घाची चूक सापडली आणि बरं वाटलं. मग चुका दिसेनाशा झाल्या. स्वयंपाक राहिला. नवऱ्यानं बाहेरून इडली आणली, ती मी एका हातानं खाल्ली, दुसऱ्या हातात पुस्तक. संध्याकाळी शेवटचं पान उलटलं तेव्हा माझा हात दुखत होता आणि मला तिचा राग आला होता. वाईट लिहिलं असतं तर मी तिला उदारपणे सांभाळून घेतलं असतं.

कादंबरी रहस्याची होती. एका शहरातला जुना पुढारी वारतो. त्याच्या मुलाला बापाच्या जागी तिकीट मिळायचं असतं. तेराव्याच्या दिवशी सुनेला एक फोन येतो. पलीकडून म्हातारा आवाज एवढंच म्हणतो, "खुर्चीत ते नव्हते." आणि फोन ठेवतो. मग ती सून शोध घेते, एकेका माणसाला भेटते, प्रत्येक जण तिला थोडं खरं सांगतो आणि थोडं लपवतो. शेवटी कळतं की पुढारी त्या दिवशी एका खेड्यात अडकून पडला होता, रस्ते बंद होते, तो पोचला संध्याकाळी. दुपारभर खुर्चीत बसली होती त्याची बायको. तो आला, ती उठली, तो बसला, आणि तेवढ्यात वार्ताहर आला.

कादंबरीत एक नणंदही होती. शुद्ध बोलणारी, बापावर जीव टाकणारी. मी तिच्या ओळी पुन्हा पुन्हा वाचल्या, कुठं कुजकं काही सापडतं का म्हणून. सापडलं नाही. मोठ्या मनानं लिहिली होती नणंद, आणि त्यामुळं मला आणखीच झोंबलं.

मी भावाला फोन केला. "हे काय लिहिलंय तुझ्या बायकोनं? नानांवर?"

"नानांवर कुठं? कादंबरी आहे ताई. सगळं मनाचं असतं त्यात," तो म्हणाला. "मी अजून वाचली नाही. वेळ कुठंय."

वेळ त्याला नव्हताच. महापालिकेच्या निवडणुका येऊ घातल्या होत्या आणि तो नानांच्या वॉर्डातून उभा राहणार होता. उस्मानपुऱ्यात त्याच्या घरासमोर फ्लेक्स लागला होता: एका बाजूला खुर्चीतले नाना, दुसऱ्या बाजूला हात जोडलेला भाऊ, मध्ये 'वारसा विश्वासाचा'.

पुस्तक चाललं. औरंगपुऱ्यातल्या दुकानात मी काही कामानं गेले होते, तिथं दर्शनी टेबलावर त्याची थप्पी. मी इकडंतिकडं पाहिलं आणि त्या थप्पीवर पाककृतींचं एक जाड पुस्तक ठेवून दिलं. आठ-दहा दिवसांनी गेले तर दुकानदारानं तिच्या पुस्तकासाठी वेगळं टेबल लावलेलं. मला ओळखून म्हणाला, "मॅडम, तुमच्या वहिनी ना? घरात दोन-दोन लेखिका." मी हसले. घरी येईपर्यंत तो दुसरा 'दोन' माझ्या कानात टोचत होता, कारण माझं पुस्तक कुठंय हे त्यानं विचारलं नव्हतं.

कॉलेजातल्या माझ्या जुन्या विद्यार्थिनी फोन करायच्या. मला वाटायचं माझी आठवण झाली. दोन वाक्यं झाली की, "मॅडम, त्यांचा नंबर मिळेल का? आमच्या महिला मंडळात बोलवायचंय." मी नंबर द्यायची. एकदा शेवटचे आकडे उलटसुलट दिले. त्या बाईचा परत फोन आला आणि मला बरोबर नंबर द्यावा लागला.

वॉर्डात मात्र कुजबुज सुरू झाली. खुर्चीत कोण होतं, असं लोक हसत हसत विचारायला लागले. पक्षाची दोन माणसं भावाकडं येऊन गेली. पुस्तक जरा निवडणूक होईपर्यंत थांबवता येईल का, म्हणाली. भावजय म्हणाली, "छापलेलं कसं थांबवू?" आणि बँकेत निघून गेली.

तेव्हा मी ठरवलं की हे खोटं आहे हे सिद्ध करायचं. नानांसाठी, असं मी स्वतःला सांगितलं. खरं तर मला त्या पुस्तकाचा पाया काढून घ्यायचा होता. त्या दिवसाचे मोठे साक्षीदार आता दोनच उरले होते, आई आणि समोरची खाला. आईला विचारायचा धीर होईना, म्हणून आधी खालाकडं गेले.

खाला म्हणजे बांगडीवाल्यांच्या घरातली; आई तिला आपा म्हणते. लहानपणी मी तिच्याच घरात जास्त असायची. आता ती थकली आहे, मुलाकडं राहते, जुन्या गल्लीपासून जवळच. मला पाहून खूप खूश झाली. जवळ बसवलं, माझ्या हातातल्या बांगड्या चाचपून पाहिल्या, "ये क्या, दोनच?" म्हणाली. सुनेला शीरखुर्मा गरम करायला लावला. मी विषय काढायच्या आधी तीच म्हणाली, "तेरी भाभी लई चांगली आहे. आयी थी ना, अम्मा को लेके. दो-तीन बार आयी. बसायची, ऐकायची, जेवून जायची."

मला माहीतच नव्हतं. माझी आई आणि माझी भावजय रिक्षा करून माझ्या लहानपणच्या खालाकडं जात होत्या, जेवत होत्या, आणि मला कोणी सांगितलं नव्हतं. शीरखुर्म्याची वाटी हातात आली होती, ती मी बाजूला ठेवली.

"खाला, त्या दिवशी खुर्चीत कोण होतं?" मी सरळ विचारलं.

तिनं माझ्याकडं पाहिलं. "किताब पढी नहीं क्या तू?"

"वाचली. खरं काय ते तुझ्याकडून ऐकायचंय."

"तुझी आई होती. आणि बाजूला स्टुलावर मी. मेथी निवडत होतो दोघी. तुझी आई म्हणाली, हाताला काम पाहिजे, नायतर हात कापतील आणि त्यांना दिसेल. जमाव आला. पुढं एक पोरगा होता, तुझ्या आईनं ओळखला. म्हणाली, तुझ्या आईला सांगू का रे तू इथं काय करतोयस ते? बस. तो मान खाली घालून मागं फिरला, मग बाकीचे."

"कोणत्या बाजूचा होता जमाव?"

"जमाव था," खाला म्हणाली.

"आणि नाना त्या खेड्यातून संध्याकाळी आले."

खाला सुनेला म्हणाली, पानी ला. मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "ते आमच्याच घरात होते, बेटा. आतल्या खोलीत. डरे हुए थे. कुणीपण घाबरलं असतं. मैंने बाहर से कुंडी लगायी थी. त्यांनीच सांगितलं होतं लावायला." आणि आलेलं पाणी माझ्यापुढं सरकवत, "मला वाटलं किताब में होगा."

मी रिक्षा केली आणि उस्मानपुऱ्याला गेले. रस्ताभर माझ्या डोळ्यांसमोर नाना नव्हते. ती कडी होती आणि कडीच्या आतली खोली, जिच्यात मी खालाच्या मुलींबरोबर लपाछपी खेळले होते. मी आयुष्यभर ज्या माणसाचं प्रकरण लिहीत होते तो त्या प्रकरणात नव्हताच.

घरी आई एकटी होती. भाऊ वॉर्डात, भावजय बँकेत. आई पलंगावर बसून पायाला तेल लावत होती. मी चपला काढल्या न काढल्या आणि म्हणाले, "नाना खालाच्या आतल्या खोलीत होते?"

आईनं तेलाची बाटली बंद केली. "व्हय," म्हणाली.

"मग कादंबरीत ते खेडं कुठून आलं?"

"खरं गाव नाय ते. कायतरी मनाचं नाव आहे."

"आई."

"तिला सगळं म्हायती होतं," आई म्हणाली. "मी सांगितलं, आपानं सांगितलं. तिनं लिहिलं पण होतं तसंच. मग एक दिवस म्हणाली, आई, हे मी बदलते. ताईंचा नानांवर लई जीव आहे, त्यांना हे वाचवणार नाही. गावात अडकले असं करते. मी म्हटलं, कर."

हे ऐकून मला भावजयीविषयी कृतज्ञता वाटायला हवी होती. वाटली नाही. मला वाटलं, आता हेही तिचंच. पुस्तक तिचं, आईचा विश्वास तिचा, खालाकडचं जेवण तिचं, आणि मला जपण्याचा मोठेपणाही तिचा. मला ओरडायचं होतं, पण ओरडावं असं तिनं काही केलेलंच नव्हतं.

"मला का नाही सांगितलंस?" मी म्हणाले. "मी लेक आहे तुझी. सून काल आली."

"काल कुठं. पोरं कॉलेजात गेली तिची." आईनं पाय खाली सोडले. "माझं गुडघ्याचं ऑपरेशन झालं तवा ती रजा काढून होती. दुपारी नुसतं बसून काय करायचं. ती म्हणाली, आई, तुम्ही त्या दिवशी कुठं होतात? मला आजवर कुणी हे विचारलं नव्हतं. सगळे विचारतात, नाना कसे बसले, नाना काय म्हणाले. तू तर टेप घेऊन बसायचीस आणि माझ्याकडून त्यांच्याबद्दलच वदवून घ्यायचीस."

खरं होतं ते. टेप, मग मोबाइल. त्यातल्या आईच्या आवाजात नाना सोडून काही नव्हतं.

बाहेरून प्रचाराची रिक्षा गेली, कुणा दुसऱ्याच इच्छुकाची. मला रडू येत होतं की नाही, कळत नव्हतं. मग मी विचारलं. मनाचा मोठेपणा म्हणून नव्हे. भावजयीनं विचारलं नसेल असं काहीतरी मला विचारायचं होतं.

"नाना आले तेव्हा काय झालं? खुर्चीपाशी?"

आई हसली. तसं तिला हसताना मी फार कमी पाहिलंय. "काय होणार. मोटारीचा आवाज आला, पोलिसांची असणार हे कळलं. आपानं कडी काढली. ते आले, धोतर नीट केलं, मला म्हणाले, ऊठ. मी उठले."

"एवढंच?"

"मला उठावं वाटत नव्हतं." तिनं पदरानं तेलकट बोटं पुसली. "लई बरं वाटत होतं बसायला. आपल्या दारापुढं खुर्ची टाकून बाई कधी बसते? आम्ही उंबऱ्यात बसायचो नायतर जमिनीवर. त्या दिवशी सगळी गल्ली माझ्या मागं आणि मी खुर्चीत. भीती वाटत होती, पण बरंही वाटत होतं. ते ऊठ म्हणाले तवा मला त्यांचा लई राग आला. लपले त्याचा नाही आला. उठवलं त्याचा आला."

"त्यांना कधी बोललीस?"

"कशाला. त्यांना ठाऊक होतं. त्यानंतर घरात कुणी आलं की ते मला म्हणायचे, खुर्चीवर बस. मी बसायची नाय."

मला तसं आठवलं. नाना म्हणायचे, अगं बस ना खुर्चीवर, आणि आई स्वयंपाकघरात निघून जायची. आम्हाला ते आईचं संकोची असणं वाटायचं.

"हे तिला सांगितलंस?"

"नाय," आई म्हणाली.

हे लिहायला मला आवडत नाही, पण त्या 'नाय'नं मला जो आनंद झाला तसा कितीतरी दिवसांत झाला नव्हता. माझे नाना त्याच दिवशी माझ्या हातून गेले होते, आणि मी रिक्षात बसून घरी येताना मनात एकच गोष्ट घोळवत होते: हे तिच्याकडं नाही.

महिन्याभरात वॉर्डांच्या आरक्षणाची सोडत निघाली आणि नानांचा वॉर्ड महिलांसाठी राखीव झाला. भाऊ त्या दिवशी जेवला नाही. दुसऱ्या सकाळी पक्षाची तीच दोन माणसं पेढे घेऊन आली. आता त्यांना पुस्तकाची अडचण राहिली नव्हती. ज्येष्ठ माणूस म्हणाला, "वहिनी, तुम्ही उभ्या राहा. नाव झालंय तुमचं. खुर्चीत बाई बसली होती हे लोकांना आवडलंय. आपण त्याचाच प्रचार करू."

मी तिथं होते, आईला दवाखान्यात न्यायला आले होते. भावजयीनं पेढ्यांचा पुडा त्यांच्याकडं परत सरकवला. "मला दुसरी कादंबरी लिहायचीय," म्हणाली. "सकाळची बँक, रात्रीचं लिहिणं, त्यात वॉर्ड कुठं बसवू?" भाऊ तिच्याकडं असा बघत होता, जणू त्याच्या तोंडातला घास तिनं कुत्र्याला घातला.

मग ती माझ्याकडं वळली. "ताईंना विचारा ना. नानांच्या लेक आहेत. बोलतातही किती छान."

दोघांनी माझ्याकडं पाहिलं. ज्येष्ठ माणूस क्षणभर अडखळला आणि म्हणाला, "हो, तेही चालेल." त्या 'तेही'साठी मी त्याला अजून माफ केलेलं नाही. मी म्हणाले, "नको, माझा रक्तदाब असतो." तिकीट शेवटी तिसऱ्याच कुणा बाईला गेलं, ती निवडूनही आली. वॉर्डातले फ्लेक्स उतरले. भाऊ काही दिवस बायकोशी तुटक वागला, मग तिच्या पुस्तकाचे कार्यक्रम ठरवायला तोच फोन उचलायला लागला. आता त्याच्या बोलण्यात 'आमची कादंबरी' येतं.

तिची दुसरी आवृत्ती निघाली. तिचा नंबर मला अजूनही लोक विचारतात आणि मी बरोबर देते. चीड कमी झालेली नाही. सणावाराला ती ओट्याशी पुरण वाटत असते तेव्हा तिच्या हातांकडं बघून मला वाटतं, हे हात लिहितात कधी, आणि इतकं सहज कसं लिहितात.

नानांच्या चरित्राची फाइल मी बंद केली आहे. सकाळी नवरा फिरायला गेला की एक तास मी दुसरंच लिहायला बसते. त्याला कथानक नाही. एक बाई मेथी निवडते आहे, तिच्या मागं गल्ली आहे, आणि तिला बरं वाटतं आहे. तेवढंच लिहून होतं, मग खोडते. पुन्हा लिहिते.

परवा भावजय आली होती. टेबलावरचे कागद तिला दिसले. "ताई, काय लिहिताय?" तिनं अगदी मनापासून विचारलं.

मी कागद उलटे ठेवले. "काही नाही गं," म्हणाले, "जुनंच आहे."